डेंग्यूची धूर फवारणी आणि साथीचे गणित

करवीर_संख्याशास्त्र (धागाकर्ता)

पावसाळा लागला की कोल्हापूरच्या पेठापेठांतून धूर फवारणीची मागणी सुरू होते. गल्लीत डेंग्यूचे दोन रुग्ण निघाले की तालमीचे कार्यकर्ते निवेदन देतात, संध्याकाळी यंत्र येते, थोडा वेळ सगळी गल्ली पांढरी होते आणि काहीतरी झाल्याचे समाधान लोकांना मिळते. दोन-तीन आठवड्यांनी त्याच गल्लीत पुन्हा तापाचे रुग्ण निघतात. असे का होते, हे नीट समजून घ्यावे आणि आपल्या भागात नेमके काय करता येईल ते ठरवावे, यासाठी हा धागा काढत आहे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि साथरोगांचे गणित हा माझ्या आवडीच्या अभ्यासाचा विषय आहे. प्रत्यक्ष गावपातळीवरचे काम ज्यांनी केले आहे त्यांनी त्यात भर घालावी, अशी विनंती.

साथीचा विचार करताना एकेका रुग्णापेक्षा साखळीकडे पाहावे लागते. एका रुग्णापासून पुढे सरासरी किती जणांना लागण होते, या एका आकड्यावर साथ वाढणार की ओसरणार हे ठरते. हा आकडा दोन असेल तर एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असे होत दहाव्या फेरीला हजाराचा टप्पा ओलांडला जातो. तोच आकडा पाऊण असेल तर शंभरामागे पंचाहत्तर, मग छप्पन्न, मग बेचाळीस अशी उतरंड लागते आणि जंतू कुठेतरी शिल्लक असतानाही साथ संपते. कोरोनाच्या काळात 'आर' या नावाने हाच आकडा वर्तमानपत्रांत येत होता. तो मुळात एक गुणाकार आहे. रुग्णाचा रोज किती जणांशी संपर्क येतो, त्या संपर्कातून लागण होण्याची शक्यता किती, रुग्ण किती दिवस रोग पसरवू शकतो आणि संपर्कातल्या लोकांपैकी किती जणांना त्या रोगाची प्रतिकारशक्ती नाही, या चार गोष्टी एकमेकींना गुणल्या जातात. त्यामुळे चारांपैकी कोणतीही एक निम्म्यावर आणली तरी सगळा गुणाकार निम्म्यावर येतो.

हा विचार ज्यांच्यापासून सुरू झाला ते रोनाल्ड रॉस आपल्याला डासांमुळे माहीत असतात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मला मात्र त्यांचे त्यानंतरचे काम अधिक मोलाचे वाटते. देशातले सगळे डास मारणे कोणत्याही सरकारला शक्य नाही, मग हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप त्या काळी घेतला जात होता. त्यावर रॉस यांनी गणित मांडून दाखवले की सगळे डास मारावेच लागत नाहीत. माणसांच्या प्रमाणात डासांची संख्या एका ठरावीक मर्यादेच्या खाली आणली की मलेरियाची साखळी पुढे चालूच शकत नाही. ती मर्यादा गाठली नाही, तर मात्र केलेल्या श्रमांचे फळ थोडेच दिसते, आणि आपल्याकडच्या अर्धवट मोहिमांचे नेमके हेच होते.

पुढे १९२७ साली कर्मॅक आणि मॅककेंड्रिक या दोघांनी हाच मर्यादेचा सिद्धान्त माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगांसाठी मांडला. मॅककेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले अधिकारी होते आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचे काम त्यांनी पाहिले होते. कर्मॅक यांची दृष्टी प्रयोगशाळेतील अपघातात गेली होती. या दोघांनी आपले सूत्र ताडून पाहिले ते मुंबईच्या आकड्यांवर. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसे दगावली, याची ती नोंद होती. आकडे हळूहळू चढतात, वेगाने शिगेला पोहोचतात आणि तितक्याच वेगाने उतरतात. सूत्राची रेषा त्यांच्यावर जवळजवळ चपखल बसते. माणसातला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, त्यामुळे सूत्रातली गृहीतके ढोबळ आहेत, हे त्या दोघांनीच नोंदवून ठेवले. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र पक्का आहे. साथ संपते तेव्हा लागण होऊ शकेल अशी अनेक माणसे शिल्लक असतात. त्यांची दाटी मर्यादेखाली गेली की साखळी आपोआप तुटते. करवीर संस्थानात प्लेग आला तेव्हा लोक घरे सोडून रानात झोपड्या बांधून राहिले. त्यांना हे गणित माहीत नव्हते, पण उंदीर आणि पिसवांपासून दूर जाऊन त्यांनी संपर्काचा आकडाच खाली आणला होता.

आता डेंग्यूकडे येतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरातल्या आणि घराभोवतीच्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, दिवसा चावतो आणि सहसा जन्मल्या जागेपासून शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. रस्त्यावरचा धूर हवेत उडणारे डास मारतो. कपाटामागे, पलंगाखाली आणि खुंटीवरच्या कपड्यांत बसलेल्या डासांपर्यंत तो फारसा पोहोचत नाही, आणि पाण्यातल्या अळ्यांना तर त्याचा स्पर्शही होत नाही. धूर विरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या पाण्याच्या बॅरलमधून नवे डास बाहेर पडतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, डेंग्यूची लढाई रस्त्यावर नसून घरातल्या पाण्यापाशी आहे, आणि ती शंभर टक्के जिंकावी लागत नाही. मर्यादेखाली जाण्याइतकी घरे एकाच आठवड्यात, एकाच वेळी सामील झाली पाहिजेत. कोणी तरी एका घराने वर्षभर काटेकोर राहण्यापेक्षा सगळ्या गल्लीने पावसाळाभर आठवड्यातून एकदा पाणी ओतून देणे कितीतरी अधिक परिणामकारक ठरते.

निवृत्त_आरोग्यसहाय्यक

सर, धागा वेळेवर काढलात. माझी सगळी नोकरी जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये गेली, त्यामुळे घरोघरच्या सर्वेक्षणातला अनुभव सांगतो.

दारात गेल्यावर ठरलेले उत्तर मिळते, "आमच्या घरात काही नाही, डास सगळे गटारीत आहेत." गटारीतल्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. तो रात्री चावतो, त्याच्यामुळे हत्तीरोग पसरतो, पण डेंग्यू पसरत नाही. डेंग्यूचा डास न्हाणीतल्या बॅरलमध्ये, फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये, कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टाकीत आणि गोठ्यातल्या डोणीत सापडतो. आपल्या जुन्या पेठांमध्ये अजून म्हशी आहेत आणि प्रत्येक गोठ्यात पाण्याची डोण आहे, हे सर्वेक्षण करणारे नवीन कर्मचारी हमखास विसरतात. औद्योगिक भागात टायर आणि भंगारातले डबे हा वेगळा प्रश्न आहे.

अळी कशी ओळखायची, हे प्रत्येक घरातल्या एका तरी माणसाला दाखवले पाहिजे. बॅरलचे झाकण काढल्यावर लगेच हात घालू नये किंवा बॅरल हलवू नये, कारण धक्का बसला की अळ्या वळवळत तळाला जातात आणि पाणी निर्मळ दिसते. थोडा वेळ थांबून बाजूने बॅटरीचा उजेड पाण्यावर तिरका पाडावा. अळ्या श्वास घ्यायला पृष्ठभागाशी येतात आणि डोके खाली करून लोंबकळत राहतात. स्वल्पविरामासारखे वाकडे दिसणारे जीव म्हणजे कोष. ते दिसले तर एक-दोन दिवसांत डास उडणार, असे समजावे. पाणी गटारीत न ओतता कोरड्या जमिनीवर ओतावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रिकामा बॅरल आतून काथ्याने किंवा घासणीने घासून काढावा. अंडी पाण्यात तरंगत नसून पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, काळ्या बारीक कणांसारखी दिसतात आणि कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात. पाणी ओतले, न घासता परत भरले, की तीच अंडी पुन्हा फुटतात. "आम्ही दर आठवड्याला पाणी काढतो तरी अळ्या होतात" अशी तक्रार येते, तिचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

जे पाणी ओतून देता येत नाही, उदाहरणार्थ मोठा हौद किंवा विहीर, तिथे गप्पी मासे सोडावेत. टेमिफॉस म्हणजे लोक ज्याला ॲबेट म्हणतात ते अळ्या मारणारे औषध वापरण्याच्या पाण्यात ठरलेल्या प्रमाणात टाकतात. ते टाकू द्यायला लोक घाबरतात, पण कर्मचाऱ्याने प्रमाण समजावून सांगितले तर बहुतेक जण ऐकतात. शंभर घरे तपासली तर किती घरांत अळ्या सापडल्या, याला आम्ही हाऊस इंडेक्स म्हणतो. रुग्णांची संख्या वाढण्याआधी तो आकडा वाढलेला दिसतो, म्हणून रुग्ण निघण्याची वाट न पाहता जूनपासूनच तो काढला पाहिजे.

सुमन_राजारामपुरी

एक शंका आहे. रोग पसरवतो तो मोठा डास, अळी चावत नाही. मग मोठा डास मारण्याचा परिणाम अधिक व्हायला हवा ना? तसे असेल तर धूर फवारणीला सरसकट निरुपयोगी कसे म्हणायचे?

करवीर_संख्याशास्त्र

सुमनताई, आपली शंका रास्त आहे, आणि गणित तुमच्या बाजूनेच बोलते. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनल्ड यांनी रॉस यांचे सूत्र पुढे नेले आणि दाखवले की मोठ्या डासाचे आयुष्य हा त्यातला सर्वांत नाजूक दुवा आहे. डेंग्यूच्या रुग्णाला डास चावला की लगेच तो रोग पसरवू लागत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळेपर्यंत पोहोचायला आठ ते बारा दिवस जातात. समजा, रोज शंभरातले नव्वद डास जगतात, तर दहा दिवसांनी पस्तीसच्या आसपास उरतात. रोज ऐंशी जगत असतील, तर दहा दिवसांनी जेमतेम अकरा उरतात. रोजच्या जगण्यात दहाचा फरक पडला आणि रोग पसरवू शकणारे डास एक तृतीयांशावर आले.

पण यासाठी रोजच्या रोज, सलग, डासांच्या मृत्यूचे प्रमाण वाढले पाहिजे. एका संध्याकाळचा धूर ते काम करत नाही. त्या दिवशी काही डास मरतात आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पूर्वीचेच प्रमाण लागू होते. शिवाय संध्याकाळी धूर होतो तेव्हा एडिस घरात बसलेला असतो आणि धूर आत येऊ नये म्हणून आपण दारे-खिडक्या लावून घेतलेल्या असतात. रुग्ण निघाल्याबरोबर त्याच्या घरात आणि आसपासच्या घरांत आतून पायरेथ्रम या कीटकनाशकाची फवारणी केली, तर त्या रुग्णाला चावलेले डास विषाणू पक्व होण्याआधीच मारता येतात. फवारणी योग्य ठिकाणी आणि योग्य दिवशी झाली तर उपयोगी आहे. मुख्य रस्त्यावरून गाडी फिरवून ते साधत नाही.

आणखी एक बाब सांगतो. डेंग्यूच्या साखळीत चावा दोनदा येतो. रुग्णाला एकदा आणि निरोगी माणसाला एकदा. म्हणून चाव्यांचे प्रमाण निम्मे केले तर साखळीची ताकद चौथाईवर येते. तापाचे पहिले पाच दिवस रुग्णाने दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपावे, यामागचे कारण हे आहे. घरातले लोक म्हणतात की त्याला तर डेंग्यू झालेलाच आहे, आता मच्छरदाणी कशाला? ती मच्छरदाणी शेजाऱ्यांसाठी असते.

जलवाहिनी_अभियंता

डासांबद्दल वर सविस्तर लिहून झाले आहे. मी पाण्यातून पसरणाऱ्या रोगांविषयी लिहितो, कारण आपल्या जिल्ह्याला त्याचा फार कडू अनुभव आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि त्यात माणसे दगावली. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती. हा विषाणू मैलामिश्रित पाण्यातून पसरतो, बहुतेक लोक त्यातून बरे होतात, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली तर मृत्यूचे प्रमाण वीस टक्क्यांच्या पुढेही जाऊ शकते.

या रोगात वेळेचे गणित फार घातक असते. लागण झाल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. म्हणजे गल्लीत काविळीचे रुग्ण दिसू लागतात तेव्हा पाणी दूषित होऊन महिना उलटलेला असतो. त्या दिवशी पाण्याचा नमुना घेतला तर तो अनेकदा शुद्ध निघतो, आणि मग पाण्याचा काही संबंध नाही असे सांगितले जाते. कॉलऱ्यात असे होत नाही. तिथे काही तासांपासून पाच दिवसांत रुग्ण दिसतो, त्यामुळे नळ आणि रोग यांचा संबंध लवकर जोडता येतो. काविळीत रुग्णांची तारीखवार यादी करून महिनाभर मागे जावे लागते आणि त्या काळात कुठे जलवाहिनी फुटली होती, कुठे खोदकाम झाले होते, हे शोधावे लागते. तारीखवार आलेखाचा आकारही बरेच सांगतो. सगळे रुग्ण थोड्या आठवड्यांच्या अंतरात दाटीने निघाले तर एकदाच घडलेल्या दूषितीकरणाचा संशय घ्यावा. आलेख लांबत गेला तर गळती अजून चालू आहे असे समजून पाइप उघडावा.

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत असेच घडले. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेतून वजिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्रात शिरले आणि पुढच्या महिन्यांत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. धोक्याची कल्पना आल्यावर तिथे क्लोरीनचे प्रमाण वाढवले होते, त्यामुळे विषमज्वर आणि आमांशाची साथ आली नाही, पण हा विषाणू तेवढ्याने थांबला नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीच्या आणि मैल्याच्या कणांवरच खर्च होऊन जातो. म्हणून पंचगंगेला पूर आलेला असताना आधी गढूळपणा उतरवणे आणि मग क्लोरीन देऊन किमान अर्धा तास थांबणे, या क्रमाला फार महत्त्व आहे.

नळाच्या पाण्याविषयी लोकांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. पाणी एक दिवसाआड किंवा ठरावीक तासच येत असेल, तर उरलेल्या वेळी जलवाहिनी रिकामी असते आणि पाणी बंद होताना तिच्यात ओढ निर्माण होते. घराकडे येणारी जोडणी जिथे गटारीतून जाते तिथे पाइप गंजलेला असेल, तर गटारीतले पाणी त्या ओढीने आत खेचले जाते. त्यातच कोणी थेट नळाला मोटार लावली तर ही ओढ कितीतरी वाढते, आणि त्याची फळे शेजारच्या दहा घरांना भोगावी लागतात. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ किंवा वासाचे येत असेल, तर ती केवळ गैरसोय समजू नये. लेखी तक्रार करावी आणि गटारीतून जाणारी जोडणी वर उचलून घ्यावी. एका उपनगरात मी असा पाइप कापून पाहिला आहे. बाहेरून तो धड दिसत होता आणि गटारीच्या बाजूला करंगळी जाईल एवढे भोक होते. त्या एका भोकाच्या खालच्या अंगाला असलेल्या सगळ्या घरांत काविळीचे रुग्ण होते.

जलसुरक्षक_करवीर

अभियंता साहेबांच्या माहितीला गावाकडची थोडी जोड देतो. ग्रामपंचायतीत पिण्याच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकण्याचे काम माझ्याकडे आहे. पावडर ओल लागलेल्या पोत्यात राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. मग कितीही टाकली तरी उपयोग होत नाही. म्हणून मी पावडर बादलीत कालवून, निवळी वरच्यावर काढून टाकीत सोडतो आणि अर्ध्या तासानंतर गावाच्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरला आहे का याची तपासणी, करतो. नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग यावा लागतो आणि तो रंगपट्टीवरच्या ०.२ च्या खुणेपेक्षा फिका नसावा. टाकीजवळच्या नळाला रंग येतो आणि शेवटच्या घराला येत नाही, असे झाले तर वाटेत कुठेतरी घाण आत येत आहे असे समजावे. ही तपासणी गावातल्या कोणालाही पाहता येते. वर्षातून दोन वेळा पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे प्रत्येकाने ग्रामसभेत विचारावे.

शाळेतल्या_बाई_शिरोळ

इथे लसीकरणाचा विषय अजून आला नाही, म्हणून लिहिते. आमच्या भागात गळीत हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. दिवाळीच्या सुमाराला आलेली ही कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. त्यांच्या कोप्यांमधल्या, म्हणजे झोपड्यांमधल्या, लहान मुलांचे गोवराचे इंजेक्शन कधी गावी चुकते आणि कधी इथे चुकते, कारण गावच्या यादीत मूल स्थलांतरित दिसते आणि इथल्या यादीत त्याचे नावच नसते. दोन्हीकडचे टक्के चांगले दिसतात आणि मूल मात्र लसीविना राहते.

गोवराला पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. मुकादमाकडे टोळीतल्या सगळ्या कुटुंबांची यादी असते. फडावर पहाटेच तोडणी सुरू होते, त्यामुळे दुपारी लसीकरणाला गेले तर आई भेटत नाही. आमच्या आशाताई मुकादमाला आदल्या दिवशी फोन करून संध्याकाळी कोप्यांवर जातात आणि बाळंतिणीला व लहान मुलांना तिथेच गाठतात. लसीचे कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देतात, कारण कोपीत कागद टिकत नाही. संख्याशास्त्रावाल्या सरांना विचारायचे आहे की अशी थोडीशीच मुले राहिली तर सगळ्या तालुक्याला किती धोका असतो?

करवीर_संख्याशास्त्र

बाई, तुमचे निरीक्षण फार महत्त्वाचे आहे. गोवराच्या एका रुग्णापासून, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, बारा ते अठरा जणांना लागण होते. मधला पंधराचा आकडा धरला, तर साखळी तुटण्यासाठी पंधरापैकी चौदा जण सुरक्षित असावे लागतात, म्हणजे त्र्याण्णव टक्क्यांहून अधिक. नऊ महिन्यांच्या डोसाने साधारण पंच्याऐंशी टक्के मुलांना संरक्षण मिळते. म्हणजे नव्वद टक्के मुलांना एकच डोस दिला तरी प्रत्यक्षात सुरक्षित मुले सत्याहत्तरच्या आसपास राहतात. दुसरा डोस आणि पंच्याण्णव टक्क्यांचा आग्रह यासाठी आहे.

सरासरी मात्र फसवते. तालुक्याची सरासरी पंच्याण्णव असली आणि उरलेली पाच टक्के मुले तालुकाभर विखुरलेली असली, तर गोवराला पुढचे मूल सापडत नाही. तीच पाच टक्के मुले चार कारखान्यांच्या तळांवर एकत्र राहत असतील, तर त्या तळापुरता गोवर मोकाट पसरतो आणि नऊ महिन्यांखालच्या गावातल्या बाळांपर्यंतही जातो. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवराची साथ आली, तिथेही लस न मिळालेली मुले एकाच ठिकाणी साठलेली होती. म्हणून तालुक्याचा टक्का वाढवण्यापेक्षा तळावरची शंभर मुले शोधण्यात घातलेला वेळ अधिक फळ देतो. देवीच्या निर्मूलनात हेच केले गेले. सरसकट लसीकरणाने भारतात साखळी तुटत नव्हती. घरोघर शोध घेऊन रुग्ण हुडकणे आणि त्याच्या भोवतीच्या सगळ्यांना लस टोचणे यावर भर दिल्यानंतर १९७५ च्या मे महिन्यात देशातल्या देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण नोंदवला गेला.

निवृत्त_आरोग्यसहाय्यक

लसीचा विषय निघाला आहे, म्हणून नारूची, म्हणजे पायातून लांब जंत बाहेर येण्याच्या रोगाची, आठवण देतो. नारूला लस नव्हती आणि जंतावर औषधही नव्हते. पायऱ्यांच्या विहिरीत नारू झालेला माणूस उतरला की जखमेतून पाण्यात पिल्ले सुटत, ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवात वाढत आणि तेच पाणी प्यायल्यावर वर्षभराने दुसऱ्याच्या पायातून नारू बाहेर येई. माणसाला पाण्यात उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरींऐवजी हातपंप देणे, विहिरीत टेमिफॉस टाकणे आणि दुपदरी कापडाने पाणी गाळून पिणे, एवढ्यावर तो रोग देशातून गेला. १९९६ साली राजस्थानात शेवटचा रुग्ण निघाला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. डेंग्यूवर आज औषध नाही म्हणून हातपाय गाळणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

पुराविषयी थोडक्यात. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरानंतर चिखल उपसणाऱ्या कार्यकर्त्यांनी पायात गमबूट घालावेत आणि पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये, कारण उंदीर आणि जनावरांच्या मुत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्या पाण्यात आलेले असतात. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्रातून विचारूनच घ्याव्यात.

तालीम_कार्यकर्ता_शिवाजी_पेठ

सर्वांचे मनापासून आभार. या वेळी निवेदन देण्याऐवजी आमच्या तालमीने दर रविवारी सकाळी कोरडा दिवस, म्हणजे घराघरातले साठवलेले पाणी ओतून भांडी घासून कोरडी करण्याचा दिवस, पाळायचे ठरवले आहे. गल्लीत साधारण दीडशे घरे आहेत. दहा-दहा घरांमागे दोन मुले नेमली आहेत. मात्र काही घरे कायम बंद असतात आणि दोन इमारतींचे बांधकाम चालू आहे. तिथे काय करावे?

निवृत्त_आरोग्यसहाय्यक

दादा, फार चांगले ठरवलेत. मुलांसोबत प्रत्येक गटात घरातली एक बाई घ्या, म्हणजे न्हाणीपर्यंत आणि स्वयंपाकघरापर्यंत जाता येईल. वहीत घराचा क्रमांक, पाणी साठवलेली भांडी किती आणि त्यांतल्या किती भांड्यांत अळ्या सापडल्या, एवढेच लिहा. चार रविवार झाले की हे आकडे इथे टाका, सर त्यावरून कल सांगतील. अळ्या सापडल्या म्हणून कोणाला चारचौघांत बोलू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात दार उघडणार नाही.

बंद घरांची यादी वेगळी ठेवा आणि मालकाचा फोन शेजाऱ्यांकडून मिळवा. गच्चीवरची टाकी आणि अंगणातला हौद रिकामा करून उलटा किंवा झाकून ठेवायला सांगा. संडासाच्या भांड्यातही पाणी राहते, तिथे झाकण लावून ठेवावे. बांधकामावर सर्वांत आधी लिफ्टचा खड्डा पाहा. तिथे पावसाचे पाणी महिनोन् महिने साठते आणि वर काम करणारे मजूर खालीच झोपतात. ते पाणी पंपाने उपसायला लावा. उपसता येत नसेल तर जळके तेल सोडा, म्हणजे अळ्यांना श्वास घेता येत नाही. स्लॅबवर पाणी धरण्यासाठी बांध घालून केलेली आळी आठवड्यातून एकदा पूर्ण सुकवून मग पुन्हा भरायला ठेकेदाराला सांगा. तो ऐकत नसेल तर अळ्या असलेले पाणी बाटलीत भरून तारखेसह प्रभागाच्या आरोग्य निरीक्षकांकडे घेऊन जा. बाटलीतल्या अळ्या पाहिल्यावर नोटीस लवकर निघते.